अंगणातलं बुद्धिबळ : मोठ्या लाकडी सोंगट्या कशा घडतात

जिनेव्हाच्या पार्क दे बास्तियाँ या बागेत शिरताच जमिनीवर रंगवलेले बुद्धिबळाचे भलेमोठे पट लागतात. गुडघ्याला, कमरेला लागतील एवढ्या सोंगट्या, त्या उचलून नेणारे खेळाडू आणि कडेला उभी राहून डाव पाहणारी माणसं, असा तिथला रोजचा खेळ. साल्झबुर्गच्या कापिटेलप्लाट्झ चौकात आणि सिडनीच्या हाइड पार्कातही असे पट आहेत. सार्वजनिक जागी हल्ली बहुतेक प्लास्टिकच्या पोकळ सोंगट्या ठेवतात, कारण त्या स्वस्त, हलक्या आणि पावसात टिकणाऱ्या असतात. कारागिराने हाताने घडवलेला लाकडी संच ही मात्र वेगळीच वस्तू आहे. त्यातले चार घोडे एकसारखे नसतात, वजिराचं वजन हाताला जाणवतं आणि काही वर्षांनी त्या लाकडावर ऊनपावसाच्या खुणा दिसू लागतात.

असा संच आपल्याकडे, आपल्या लाकडात आणि आपल्या सुतारांकडून नक्की होऊ शकतो. एक गोष्ट मात्र आधीच पक्की समजून घ्यायला हवी. बागेतली सोंगटी ही टेबलावरच्या सोंगटीची वाढवलेली प्रत नसते. उंची वाढली की वजन, तोल, लाकडाची आत-बाहेर होणारी हालचाल आणि खेळणाऱ्याची नजर हे सगळं बदलतं. त्यामुळे तिची आखणी मुळापासून वेगळी करावी लागते.

जिवंत माणसांचे डाव

मोठ्या पटाची हौस जुनी आहे. फत्तेपूर सिक्रीच्या वाड्यात फरशीवर कोरलेला पचिसीचा प्रचंड पट आजही पाहायला मिळतो. त्यावर सोंगट्यांच्या जागी माणसं उभी करून अकबर खेळत असे, असं सांगितलं जातं. इटलीतल्या मारोस्तिका गावाच्या चौकात दर सम वर्षी सप्टेंबरात माणसांचं बुद्धिबळ होतं. १९२३ मध्ये तिथं असा पहिला खेळ झाला आणि १९५४ मध्ये मिर्को वुचेतिच यांनी त्याला आजचं नाट्यरूप दिलं. एकाच मुलीवर प्रेम जडलेल्या दोन सरदारांनी १४५४ मध्ये तलवारीऐवजी पटावर निकाल लावला, अशी त्यामागची कथा आहे. मध्ययुगीन पोशाखातली माणसं आणि खरे घोडे चौकातल्या घरांवरून फिरतात. बागेतली लाकडी सोंगटी याच हौसेतून आली, एवढं ध्यानात ठेवून आता लाकडाकडे वळू.

साडेनऊ पट उंच, साडेआठशे पट जड

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ म्हणजे फिडे स्पर्धेच्या सोंगट्यांसाठी मापं सुचवते : राजा ९.५ सेंटिमीटर, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के आणि पटाचं घर ५ ते ६ सेंटिमीटरचं.

आता राजा ९० सेंटिमीटरचा करायचा ठरवला, तर सगळी मापं साधारण साडेनऊ पट होतात. प्यादं ४७ सेंटिमीटरचं आणि घर ४७ ते ५७ सेंटिमीटरचं. इथवर सोपं आहे. पण उंची साडेनऊ पट झाली की घनफळ तिच्या घनाने, म्हणजे सुमारे ८५० पट वाढतं. टेबलावरचा सागवानी राजा ३३ ग्रॅमचा धरला, तर बागेतला ठोस राजा २८ किलोचा होतो. प्रत्येक चालीला एवढं वजन कुणी उचलणार नाही, आणि शाळकरी मुलीला तर ते हलणारही नाही. संपूर्ण संच ठोस करायचा झाला, तर माझ्या हिशेबाने जवळपास २० घनफूट लाकूड नुसत्या सोंगट्यांत जाईल, आणि कातताना भुसा होऊन जाईल ते वेगळंच.

म्हणून मोठी सोंगटी आतून पोकळ हवी. नुसती हलकी सोंगटी मात्र वाऱ्याने किंवा धक्क्याने आडवी होते. तोल ठरतो तो बुडाच्या रुंदीवर आणि गुरुत्वमध्याच्या उंचीवर. ३६ सेंटिमीटर बुडाच्या राजाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर असेल, तर तो २७ अंश कलल्यावर पडतो. तोच मध्य २५ सेंटिमीटरवर आणला की ३५ अंश कलला तरी सावरतो. त्यामुळे वरचा भाग पोकळ, बुडाशी जाड लाकूड आणि गरज पडली तर बुडाच्या पोकळीत वाळूची बंद पिशवी, अशी रचना चांगली.

सेंट लुईसच्या वर्ल्ड चेस हॉल ऑफ फेमसमोर २० फूट उंचीचा सापेली लाकडाचा राजा आहे. २०१८ मध्ये जगातली सर्वांत मोठी बुद्धिबळाची सोंगटी म्हणून त्याची नोंद झाली. तो पाहण्यासाठी आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी ६० ते ९० सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चीर का पडते

या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. हौसेने घडवलेले बहुतेक संच इथेच फसतात.

झाडाचा ओंडका आणायचा, सोलायचा आणि त्यातून राजा कातायचा, ही कल्पना साहजिक वाटते. पण लाकूड सुकताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ते जितकं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच मध्यापासून सालीकडे आकसतं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग पहिल्या दिशेने पाच टक्क्यांच्या पुढे आणि दुसऱ्या दिशेने अडीच टक्क्यांच्या आसपास आकसतो. तसं पाहिलं तर इतर लाकडांच्या मानाने साग फार शांत. तरीही ४० सेंटिमीटर जाडीच्या अख्ख्या ओंडक्याचा हिशेब केला, तर परिघावर तीन सेंटिमीटरच्या आसपास जागा कमी पडते. ती जागा लाकूड स्वतः करून घेतं, मध्यापासून सालीपर्यंत उभी चीर पाडून. कारागीर कितीही कुशल असो, मधला गाभा तसाच ठेवलेला ओंडका चिरणार. ९.५ सेंटिमीटरच्या राजाचं लाकूड बारीक असल्यामुळे ते आतपर्यंत सुकवूनच वापरता येतं आणि हा प्रश्न तिथे येतच नाही. मोठ्या सोंगटीत तो टाळता येत नाही.

सुकवून घेतलं तरी काम संपत नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत पातळ फळीतला ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो आणि श्रावणात तोच पंधराच्या पुढे जातो. म्हणजे बागेतली सोंगटी दर वर्षी फुगणार आणि दर वर्षी आकसणार. कोकणात हवा बारमाही दमट असल्याने हा हेलकावा कमी असतो, पण बुरशीचा धोका जास्त. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला हवी ती जागा मिळते.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ओंडका न वापरता पट्ट्या जोडणं. पिंप बांधताना लाकडी पट्ट्या गोल उभ्या करतात, तशा बारा पट्ट्या उभ्या लावायच्या. प्रत्येकीची कड १५ अंशात तासायची, म्हणजे वर्तुळ पुरं होतं. पाण्यात न सुटणारा मरीन प्रकारचा गोंद लावून दोरीने किंवा पट्ट्याने आवळून ठेवायचं. पट्टी तीन-चार सेंटिमीटर जाडीची असली की ती आतपर्यंत सुकवता येते, मधला गाभा आपोआप वगळला जातो आणि पोकळीही फुकट मिळते. पट्टीच्या रुंदीत कमी आकसणारी दिशा येईल अशी फाळणी करून घेतली, तर सांधे वर्षानुवर्षं घट्ट राहतात. हे लाकूड फाळणाऱ्याला गिरणीवरच सांगावं लागतं.

ओंडकाच वापरायचा असेल, तर मध्यातून आरपार रुंद भोक पाडून गाभा काढून टाकावा आणि मागच्या बाजूला करवतीने मध्यापर्यंत एक उभी खाच घ्यावी. आकसणारं लाकूड त्या खाचेत आपला ताण मोकळा करतं आणि पुढचा चेहरा शाबूत राहतो.

कोणतं लाकूड

सागवानाला पर्याय नाही, असं सुतार म्हणतात आणि बागेतल्या कामापुरतं ते बरोबर आहे. सागातलं नैसर्गिक तेल पाण्याला आणि किडीला दूर ठेवतं. मात्र हा गुण पिकलेल्या आतल्या लाकडाचा. सालीलगतचं पांढरं लाकूड वाळवी सागातलंही खाते, त्यामुळे त्याची पट्टी संचात येऊ देऊ नये. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग नावाजलेला. सागाचं झाड स्वतःच्या शेतातलं असलं, तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते, हे विसरू नये.

मला सगळ्यांत आवडणारा मार्ग जुन्या लाकडाचा आहे. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि कडीपाट जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. त्या लाकडाने अनेक पावसाळे आणि उन्हाळे पाहिलेले असतात, जे चिरायचं ते चिरून झालेलं असतं आणि राहिलेलं लाकूड स्थिर असतं. फक्त प्रत्येक तुळईतले खिळे चुंबक फिरवून शोधून काढावे लागतात. एक राहिलेला खिळा पटाशीची धार घालवतो आणि कातताना जिवावरही बेतू शकतो.

घोड्यासाठी मात्र मी शिवण सुचवेन. वजनाने सागाहून हलकी, कमी आकसणारी आणि पटाशीखाली गुळगुळीत कापली जाणारी. आंबा सहज मिळतो, पण उघड्यावर लवकर किडतो. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरला जाणारा पांगारा कोरायला मऊ असला, तरी अंगणात टिकणार नाही. शिसवी सुंदर दिसते, पण तिचं वजन आणि दुर्मीळपण पाहता बत्तीस मोठ्या सोंगट्यांत ती घालवू नये.

कातणं आणि कोरणं

आज जगभर चालणारा सोंगट्यांचा घाट १८४९ मध्ये लंडनमध्ये नोंदवला गेला. आखणी नॅथॅनियल कुक यांच्या नावावर, निर्मिती जॅक्स कंपनीची आणि नाव इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांचं. या घाटाचा मोठा गुण असा की घोडा सोडून बाकी सगळं लेथवर कातता येतं. अमृतसरचे कारागीर शिसम आणि बॉक्सवुडमध्ये याच घाटाचे संच घडवून परदेशी पाठवतात आणि तिथेही घोडा कोरणाऱ्याचा हात वेगळा असतो.

मोठ्या मापात लेथवर काळजी घ्यावी लागते. चार सेंटिमीटर जाडीचा नग मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याची कड सेकंदाला सहा मीटरच्या वेगाने धावते. ४५ सेंटिमीटरचं बूड फक्त ६०० फेऱ्यांनी फिरवलं, तरी कडेचा वेग १४ मीटर होतो. म्हणून मोठा नग सावकाश फिरवायचा, आधी वाकसाने आणि रंध्याने जमेल तेवढा गोल करून मगच लेथवर चढवायचा. राजा आणि वजीर तीन तुकड्यांत करावेत : बूड, धड आणि मस्तक. मधे लाकडी खुंटीचे सांधे ठेवले की लेथ लहान असला तरी चालतो, आणि पुढे एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो.

घोड्यात प्रश्न लाकडाच्या रेषेचा. मान उभी, नाक आडवं. रेषा मानेबरोबर उभी ठेवली की नाकात ती आखूड पडते आणि पहिल्याच पडण्यात नाकाचा तुकडा जातो. म्हणून नाकाचा भाग वेगळ्या, आडव्या रेषेच्या लाकडाचा करून आत खोल सांधा घ्यावा. कान डोक्याला चिकटलेले ठेवावेत आणि आयाळ खोल कोरू नये, कारण तिथे पाणी साचतं.

आणि इथेच मला आपल्या कारागिरांकडून एक वेगळी मागणी करायची आहे. हत्तीच्या जागी युरोपी बुरूज का कातायचा? आपल्या मुलांनी खेळ शिकताना हत्ती सरळ आणि उंट तिरका जातो, असंच ऐकलेलं असतं. भारतीय जुन्या संचांत खरोखरचे हत्ती आणि उंट कोरलेले आहेत. टेबलावरच्या खेळात स्टॉन्टनचा साधेपणा गरजेचा आहे, पण अंगणातल्या ५० सेंटिमीटरच्या सोंगटीत हत्तीला झूल आणि अंबारी देण्याइतकी जागा असते. सोंड अंगाला लागून खाली बुडाशी मिळवली, पाय वेगळे न काढता एका ठोकळ्यात ठेवले, की मोडण्यासारखं काही उरत नाही. उंटाची मानही तशीच छातीशी जोडून घ्यावी. कातणाऱ्याचं काम यात थांबतं आणि कोरणाऱ्याचं वाढतं. संच महाग होतो, पण तो आपला होतो.

काळी बाजू काळी ठेवणं

उघड्यावर लाकडाचा रंग टिकत नाही. सूर्यप्रकाश लाकडातलं लिग्निन मोडतो, पाऊस ते धुऊन नेतो आणि सगळं लाकूड करड्या रंगावर येतं. बुद्धिबळात याचा अर्थ गंभीर आहे. एक बाजू सागाची आणि दुसरी नुसत्या डागाने गडद केलेली असेल, तर काही पावसाळ्यांत दोन्ही सैन्यं एकाच रंगाची होतात.

जुना आणि चांगला उपाय हिरड्याचा. सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर. हिरड्याची पूड उकळून ते पाणी लाकडाला पाजायचं, सुकू द्यायचं आणि वरून लोखंडाचं पाणी, म्हणजे गंजके खिळे व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवून केलेलं पाणी, फिरवायचं. डोळ्यांदेखत लाकूड काळं पडतं. हा रंग वरच्या थरापुरता नसतो, तो लाकडाच्या अंगात शिरतो. त्यावर तेल दिलं की लाकडाची रेषा काळ्यातूनही दिसते. सोबत काळ्या सोंगट्यांच्या बुडाला एक खोल खाच कातून घ्यावी. रंग फिका झाला तरी बाजू ओळखू येते.

सावंतवाडीची लाखेची झळाळी मला फार प्रिय आहे, पण ती घरातच शोभते. लाख पाण्याने पांढुरकी पडते आणि उन्हाने मऊ होते.

पटाची फरशी

दोन फुटी, म्हणजे ६० सेंटिमीटरची फरशी आपल्याकडे सहज मिळते आणि ९० सेंटिमीटरच्या राजाला तेवढं घर नेमकं पुरतं. पट ४.८ मीटरचा होतो आणि भोवती मीटरभर वाट धरली की जवळपास सात मीटर चौरस जागा लागते. शेजारच्या घरांतल्या दोन मोठ्या सोंगट्यांमध्ये वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर राहतं, तेवढ्यातून माणूस आडवा होऊन जातो. घर याहून लहान करू नये.

काळी घरं कडप्प्याची करायचा मोह होतो. तो टाळावा. काळ्या फरशीवर काळी सोंगटी दिसत नाही आणि मे महिन्यात त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. करडी शहाबादी आणि फिकट पिवळसर फरशी ही जोडी चांगली. एका बाजूला पाच सेंटिमीटरचा उतार द्यावा, पाणी साचत नाही. आणि फरशी बसवण्याआधी गवंड्याला एवढं सांगावं की खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर फिकट रंगाचं हवं.

उभ्याने डाव पाहताना

टेबलावर आपण पट वरून पाहतो. अंगणात आपण पटाच्या कडेला उभे असतो आणि पुढची सोंगटी मागचीला झाकते. डोळे जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर असलेल्या माणसासमोर तीन मीटरवर राजा उभा असेल, तर त्याच्या मागे दोन मीटरपर्यंतचं प्यादं त्याला दिसत नाही, म्हणजे साडेतीन घरं आंधळी. हाच माणूस ६० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर चढला की ही आंधळी जागा निम्मी होते. म्हणून पटाच्या निदान एका बाजूला ओटा किंवा पायऱ्या हव्यातच. शाळेच्या मैदानात हे आणखी महत्त्वाचं, कारण मुलांची नजर आणखी खाली असते.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर मुलांना पटापाशी बसवलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. ज्या राज्यात या खेळाची एवढी ओढ आहे, तिथल्या शाळांनी मैदानाचा एक कोपरा अशा पटाला द्यावा असं मनापासून वाटतं. उंट तिरका जातो हे फळ्यावर सांगणं आणि मुलाने स्वतः तो उंट उचलून तिरक्या घरांवरून चालत नेणं, यांत फार अंतर आहे. शाळेसाठी राजा ६० सेंटिमीटरचा पुरे. ठोस केला तरी तो आठ-नऊ किलोचा, पोकळ केला तर निम्म्याच्या आसपास.

राखण

लाकूड पाणी सगळ्यांत जास्त पितं ते उभ्या नळ्यांच्या तोंडातून, म्हणजे बुडाच्या आणि माथ्याच्या कापातून. त्यामुळे बुडाला इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि खाली रबराच्या तीन बुटक्या गोट्या बसवाव्यात. सोंगटी ओल्या फरशीपासून बोटभर वर राहते, खालून हवा खेळते आणि मुलांनी ओढत नेली तरी लाकूड झिजत नाही. पोकळीला खालून एक बारीक भोक ठेवावं, आत गेलेला दमटपणा बाहेर पडायला.

वॉर्निशचा काचेसारखा थर उन्हात तडकतो, त्याखाली पाणी शिरतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. त्यापेक्षा उकळलेलं जवसाचं तेल बरं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, कापडाने चोळून द्यायचं. तेलाने भिजलेली ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात भिजवून किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

जून ते सप्टेंबर संच पडवीत किंवा हवेशीर खोलीत ठेवावा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नये, आत घाम धरतो. फळीवर ओळीने मांडून वर सुती चादर पुरेशी. पहिल्या ऊन-पावसानंतर एखाद्या सोंगटीवर केसाएवढी भेग दिसली, तर लगेच लांबी भरू नये. तीच भेग ओल्या दिवसांत मिटते, आणि भरलेली लांबी तेव्हा लाकडाला आतून रेटून नवी चीर पाडते. एक वर्ष पाहावं. ओल्या दिवसांतही ती बोटाच्या नखाएवढी रुंद राहिली, तरच त्याच लाकडाची पातळ पाचर गोंद लावून बसवावी आणि रंध्याने सपाट करून घ्यावी.